सोप्या वाटांचं जंगल
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



महाराष्ट्रात डोंगरात जाणं म्हणजे पराक्रम करणं, अशी आपली एक समजूत आहे. कुणी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहून येतो, कुणी अलंग-मदन-कुलंग सर करतो, कुणी भर पावसात कळसूबाईवर पोहोचतो. मग सोमवारी कचेरीत पाय चोळत चोळत त्याच्या हकिकती चालतात. मला या मंडळींचं मनापासून कौतुक आहे. या राज्यातले कितीतरी गडकिल्ले लोकांच्या नजरेसमोर राहिले ते त्यांच्यामुळेच.

पण ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या कडेवर लहान मूल आहे, ज्यांना रविवारी दुपारी परत येऊन स्वयंपाक करायचा आहे, त्यांनी जंगलात कधी जायचं? की जायचंच नाही? माझं आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. विषय आहे जंगलातल्या सोप्या वाटा. आणि त्यासाठी मी जंगल निवडलंय ते मुंबईकरांच्या अगदी दाराशी असलेलं, बोरिवलीचं.

कागदोपत्री त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुनी माणसं त्याला अजून ‘नॅशनल पार्क’ म्हणतात. त्याहून जुनी ‘कृष्णगिरी उपवन’ म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, पूर्वेला मुलुंड आणि ठाणे. चहूबाजूंनी इमारती, झोपड्या, महामार्ग, आणि मधोमध हे हिरवं बेट. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी, दीडशेच्या आसपास जातींची फुलपाखरं आणि बिबटे इथे आहेत. जगातल्या फार थोड्या महानगरांना असं भाग्य लाभलंय.

हे जंगल टिकलं कसं? एक कारण आपल्या नळात आहे. गेल्याच्या गेल्या शतकात मुंबईला पाणी पुरेना, म्हणून इंग्रजांनी या डोंगरांत विहार तलाव बांधला. तो १८६० साली पुरा झाला. त्याच्या वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला तो १८७९ साली. तलावाचं पाणी स्वच्छ राहायचं तर भोवतालच्या डोंगरावर झाडं राहिली पाहिजेत, हे त्या वेळच्या इंजिनिअरांनाही कळत होतं. तेव्हा पाण्यासाठी झाडं राखली गेली, आणि झाडांमुळे बाकी सगळं राहिलं. आज मुंबईच्या पाण्यात या दोन तलावांचा वाटा अगदी लहान आहे. पण दहिसर नदी याच डोंगरांतून निघते, आणि मिठीही विहार-पवईच्या सांडव्यांपासूनच सुरू होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. डोंगरावरचं जंगल आणि खालची वस्ती यांचं नातं किती जवळचं आहे, ते त्या दिवशी शहराला नव्याने कळलं.

आता चालायला निघू या.

पहिली आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे बोरिवलीच्या मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत जाणारी. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरावं, पंधरा-वीस मिनिटं चालावं, महामार्गालगत दरवाजा लागतो. तिथून लेणी सहा-सात किलोमीटरवर. रस्ता डांबरी आहे, चढ अगदी बेताचा. तो जाणवतो तो शेवटच्या टप्प्यात. सगळं अंतर चालायलाच हवं असं मुळीच नाही. दोन किलोमीटर जावं, पुलाच्या कठड्याला टेकून नदीकडे बघावं आणि परत फिरावं. जंगल कुणाची हजेरी मांडत नाही.

या रस्त्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊन पाहा. पानं गळून गेलेली असतात आणि पळस, पांगारा, काटेसावर लालकेशरी होऊन उभे असतात. कुसुमाच्या झाडाला तर पालवीच लाल येते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, फुलंच आली. कांडोळाचं खोड तेव्हा पांढरंफटक दिसतं. संधिप्रकाशात ते अचानक समोर आलं तर माणूस दचकतो, म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो आणि ताम्हण जांभळं. ताम्हण हे आपल्या राज्याचं फूल. पण ते झाडावर पाहिलेले किती जण आपल्यात आहेत, हे ज्याचं त्याने ठरवावं.

रस्ता संपतो तिथे कान्हेरी. एका अखंड काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे बौद्ध भिक्षूंचा वावर होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या दोन भव्य मूर्ती आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो. पण माझा जीव रमतो तो इथल्या पाण्याच्या टाक्यांत. जवळजवळ प्रत्येक लेण्याला आपलं टाकं आहे, आणि कातळावरून वाहणारं पावसाचं पाणी त्यांत नेमकं उतरावं म्हणून बारीक पन्हळी कोरल्या आहेत. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ असा शब्द आहे. ही टाकी, ही लेणी कुणाच्या दानातून झाली, तेही लिहून ठेवलंय. कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा कुणी, नाशिकचा कुणी, चेऊलचा कुणी. दोन हजार वर्षांपूर्वीही माणसं या भागांतून चालत इथे येत होती.

आणि एक गंमत सांगतो. नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इराणी वंशाच्या काही पाहुण्यांनी १००९ आणि १०२१ साली इथे भेट दिली आणि आपली नावं कोरून ठेवली. फारसी आणि उर्दू शायरी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या लेखांपुढे उभं राहिल्यावर काय वाटतं, हे गद्यात सांगणं कठीण आहे. फारसीची ही थोरली बहीण हजार वर्षांपूर्वी बोरिवलीच्या जंगलात येऊन बसली आहे! म्हणून आज कुणी खिळ्याने बदाम कोरू नयेत. त्या पाहुण्यांची अक्षरं इतिहास झाली, आपली नुसती खरवड होईल.

या रस्त्यावर माणसं किती तऱ्हेची भेटतात! पहाटे शाली-स्वेटरातले फिरस्ते. महाशिवरात्रीला डोंगर भाविकांनी फुलतो. ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे ‘बासी ईद’ म्हणतात. त्या दिवशी डबे आणि सतरंज्या घेऊन मोहल्ल्यांतली कुटुंबं येतात. या गर्दीत अवघड चढाई करणारे दहा-वीसच असतील. बाकी सगळी सोप्या वाटेची माणसं.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, तशांपैकीच एक. साठी ओलांडलेली, बुरखा घेणारी, जोगेश्वरीच्या एका दाट वस्तीत सारा संसार केलेली. साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. ती म्हणाली, “कुठे चालू? गल्लीत मोटारसायकली उभ्या, नाक्यावर पोरं उभी. दोन फेऱ्या मारल्या तर माणसं विचारतात, काय हरवलं?” शहरातल्या हजारो बायकांचं हेच दुखणं आहे. चाला असं सांगणारे पुष्कळ. चालायला जागा देणारं कुणी नाही.

जूनचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. मी तिला घेऊन कान्हेरीच्या रस्त्याला लागलो. सुरुवातीला ती गप्प होती. दर अर्ध्या किलोमीटरला बसायची. मग रस्त्याकडेला तिला टाकळा दिसला, आणि तिची कळीच खुलली. “हा बघ टाकळा. ही फोडशी. ही कुर्डू व्हायची अजून.” आमचं गाव रत्नागिरीकडचं. लग्न होऊन मुंबईला येईपर्यंत पावसाळ्यातली भाजी तिने रानातून खुडून आणलेली. चाळीस वर्षं ती या पानांची नावं मनात सांभाळून होती, आणि मला, सख्ख्या भावाला, त्याचा पत्ता नव्हता.

लेण्यांच्या पायथ्याशी एक वारली बाई करवंदं आणि काकड्या घेऊन बसली होती. आपाने तिला विचारलं, “बाय, शेवळं उगवली काय गं?”

“उगवली ना. पण काकड नसंल तर घसा धरंल, मावशी.”

“मला सांगतेस? आमची आई सोडे घालून करायची.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेवळं हा पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारा कोंब. तो खाजरा असतो, म्हणून त्यात काकड नावाचं आंबट फळ घालतात. दोघींची बैठक जी जमली ती अर्धा तास मोडली नाही. दोन हजार वर्षांची लेणी शंभर पायऱ्यांवर होती. आपाने तिकडे पाहिलंही नाही. परतताना एवढंच म्हणाली, “इतकी वर्षं झाली, फरशीवरून उतरून मातीवर पाय ठेवला नव्हता रे.”

तिची साखर किती उतरली हे तिच्या डॉक्टरांना ठाऊक. पण आता शेजारच्या तिघी-चौघी बायकांना जमवून ती महिन्यातून दोनदा जाते, आणि मला बरोबर नेत नाही. मी भराभर चालतो अशी तिची तक्रार आहे.

ज्यांना डांबर सोडून पायवाट हवी, त्यांच्यासाठी शिलोंड्याची वाट आहे. ओढ्याच्या सोबतीने, मिश्र पानगळीच्या झाडीतून ती जाते. फुलपाखरांसाठी आणि पक्ष्यांसाठी ती नावाजलेली आहे. इथे आपल्या मनाने शिरायचं नसतं. वन विभागाच्या निसर्ग माहिती केंद्राकडे आधी नाव नोंदवावं, म्हणजे वाटाड्या बरोबर मिळतो. तो बरोबर असला की तीच वाट दुप्पट श्रीमंत होते. आपल्याला जिथे नुसता पाचोळा दिसतो तिथे त्याला रातव्याची जागा दिसते, आणि झाडावरच्या ओरखड्यांवरून तो रात्री कोण येऊन गेलं ते सांगतो. वसई खाडीच्या पलीकडे, ससूपाड्याजवळून जाणारी नागल्याची वाटही अशीच. ती बरीचशी सपाट आहे, एका बाजूला झाडी आणि एका बाजूला खाडी. ठाणेकरांना येऊर आहेच. सकाळच्या वेळी येऊरच्या चढावर अर्धं ठाणं भेटतं म्हणतात. एक मात्र पक्कं. विहार आणि तुळशी तलावांच्या काठी परवानगीशिवाय जायचं नाही. पावसाळ्यात ओढ्यात उतरायचं नाही. वर डोंगरात पाऊस पडला की गुडघाभर पाणी बघता बघता छातीभर होतं.

बिबट्याचं काय, असा प्रश्न आता तुमच्या मनात आला असेल. २०१८ साली कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा या जंगलात आणि लगतच्या भागात ४७ बिबटे आढळले. २००४ साली या परिसरात बिबट्यांनी अनेक माणसांचे बळी घेतले होते. ते भयंकर दिवस होते. त्यानंतर अभ्यासकांनी शोध घेतला आणि दिसून आलं की, एका ठिकाणी पकडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. २०११ साली वन विभागाने अभ्यासक आणि नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला आणि वस्त्या-वस्त्यांतून माहिती द्यायला सुरुवात केली. त्यातली मुख्य गोष्ट फार साधी आहे. उरलेलं अन्न टाकलं की कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. तेव्हा जंगलात नेलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि वेफर्सचं पाकीट घरी परत आणणं ही नुसती शिस्त नाही, ती कुणाच्या तरी लेकराची काळजी आहे. अंधार पडण्याआधी बाहेर यावं, मुलांना मोठ्यांच्या मधोमध ठेवावं, वाट सोडू नये. एवढं पाळलं तर घाबरायचं कारण नाही. सोमवारी उद्यान बंद असतं, हेही ध्यानात ठेवा.

बिबट्याबरोबर राहण्याचं शास्त्र या जंगलातल्या माणसांना आपल्याआधीपासून ठाऊक आहे. इथे नवपाडा, चिंचपाडा, रावणपाडा असे आदिवासी पाडे आहेत. वारली समाज वाघोबाला देव मानतो, त्याची पूजा करतो. देव मानला म्हणजे भीती जाते असं नाही; पण ज्याची भीती आहे त्याच्याशी वागायचं कसं, याची एक रीत तयार होते. आपण चार तासांचे पाहुणे. पाड्यावरून जाताना कुणाच्या दारात डोकावू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. १९९७ साली उच्च न्यायालयाने या जंगलातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला आणि हजारो झोपड्या उठल्या. जंगल कुणाचं, हा वाद तेव्हापासून धुमसतोच आहे. त्याचं उत्तर एका भाषणात मिळणार नाही. पण तो वाद ज्यांच्या अंगणात चालतो ती घरं एकदा पायी जाताना पाहिली, की आपण त्याविषयी जरा जपून बोलायला लागतो.

आता थोडं कारवीविषयी. ओळीने सात वर्षं हे झुडूप नुसतं हिरवं असतं. आठव्या वर्षी सगळं रान एकदम जांभळं होतं. बोरिवलीच्या जंगलात ती २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली आणि २०२४ साली फुलली. त्या हिशेबाने पुढची पाळी २०३२ ची. फुलून झाली की झाड मरतं. बोंडं वाळतात, आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतडून फुटतात, बी दूर उडतं. मेलेल्या कारवीच्या काठ्या घेऊन त्यांचे कूड विणायचे, वर शेणमातीचा लेप द्यायचा, अशी घरं कोकणात आणि या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. माझ्या वयाच्या माणसाने आयुष्यात पाच-सात वेळा कारवी पाहिली तर पुष्कळ झालं. २०३२ साली माझे पाय कसे असतील कुणास ठाऊक. मला तेव्हा सोपी वाट लागेल, एवढं मात्र नक्की.

म्हणूनच शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. सोपी वाट आणि सोयीची वाट यांत फरक आहे. सोपी वाट डोंगराने दिलेली असते. चढ कमी, सावली बरी, पाय ठेवायला जागा. सोयीची वाट आपण बनवतो. मग तिच्यावर पेव्हर ब्लॉक येतात, पाणी मुरायचं थांबतं, कडेला टपऱ्या येतात, टपरीवर गाणी लागतात, फोटोसाठी रंगीत अक्षरं उभी राहतात. लोकांची सोय झाली असं आपण म्हणतो, आणि लोक ज्यासाठी आले होते तेच तिथून निघून जातं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, आजीला, बाबागाडीला पक्का रस्ता हवाच. तो कान्हेरीपर्यंत आहेच. त्याच्यावर वाहनांची वर्दळ जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवावी. बाकीच्या पायवाटा मातीच्याच राहू द्याव्यात.

शहर जंगलाला सतत काहीतरी मागत असतं. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं भूमिपूजन झालं. तो याच जंगलाच्या खालून जाणार आहे. उद्या आणखी काही मागितलं जाईल. कधी ते द्यावं लागेल, कधी नाही म्हणावं लागेल. अशा वेळी नकाशावरचा हिरवा डाग पाहून बोलणारी माणसं पुरी पडत नाहीत. टाकळा कुठे उगवतो, नदी कुठल्या पुलाखाली वळते, कांडोळ कुठे उभा आहे, हे पायांनी ठाऊक असलेली माणसं लागतात. अशी माणसं अवघड सुळक्यांवर थोडी तयार होतात, आणि सोप्या वाटांवर पुष्कळ.

येत्या रविवारी सकाळी लवकर निघा. घरातलं जे माणूस ‘मला नाही बाई जमायचं’ म्हणतं, त्यालाच बरोबर घ्या. पाण्याची बाटली घ्या, खाऊ पिशवीत झाकून घ्या, कारण कान्हेरीची माकडं हातातलं ओढून नेतात. आणि चालताना त्या माणसाच्या पुढे जाऊ नका. ते जिथे थांबेल तिथे थांबा.